साथीच्या काळात जलपर्यटन: आरक्षण रद्द करावे काय?

वडोदऱ्याहून मुंबईस जाऊन पर्यटन-जहाज गाठावयाचे, त्यासाठी महिनोगणती आधी पैसे भरावयाचे आणि ऐन वेळी साथ उद्भवावयाची. अशा कुटुंबास प्रथम चिंता वाटते ती भरलेल्या पैशांची. वास्तविक परत न मिळणारी रक्कम प्रवास केला तरी गेलेलीच असते. जहाज अडकून पडल्यास काय, हा खरा प्रश्न होय.

फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर याचा प्रत्यय आला. हाँगकाँगला उतरून गेलेल्या एका प्रवाशास कोविड झाल्याचे निष्पन्न होताच जहाजावरील 3,711 जणांना रोखून धरण्यात आले. त्यांपैकी 712 जण बाधित झाले. प्रवासी खोल्यांत बंद होते, परंतु त्यांना जेवण पोचविणारे कर्मचारी एकत्रच राहत व जेवत होते. कित्येकांची नेहमीची औषधेही संपत आली. खिडकी नसलेल्या खोलीत दोन आठवडे काढणे घरातील वृद्धांस वा हृदयविकाराच्या रुग्णास झेपेल काय, हे कर्त्या माणसांनी आधीच ठरवावे. झेपणार नसेल, तर आरक्षण विनाविलंब रद्द करणे इष्ट.

इतरांनी मात्र घाई करू नये. कंपनीनेच सफर रद्द केल्यास पूर्ण रक्कम मिळण्याचा संभव अधिक असतो. प्रवाशाने रद्द केल्यास कपात होते व ती सहसा प्रस्थानाची तारीख जवळ येईल तशी वाढते. यास्तव कपात वाढण्याची पुढील तारीख करारात पाहून तोवर थांबावे. मुंबईपर्यंतचे रेल्वे तिकीट निराळे रद्द करावे लागते, हे पुष्कळांच्या ध्यानातून निसटते.