पावसाळ्यातला कंधार: पाण्याच्या वेढ्यातली पायपीट

मराठवाड्याला समुद्र नाही, तरीही नांदेड जिल्ह्यातला कंधारचा भुईकोट पावसाळ्यात बेटासारखा दिसतो. तटाभोवती रुंद खंदक आहे. चांगला पाऊस झाला की खंदक भरतो आणि पूर्ण किल्ला पाण्याच्या कड्यात येतो. शत्रूला रोखण्यासाठी केलेली ही योजना आज पर्यटकाला सगळ्यात सुंदर वाटते.

मन्याड नदीच्या खोऱ्यातलं हे गाव राष्ट्रकूटांचं महत्त्वाचं ठाणं होतं. दहाव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळातला शिलालेख इथे सापडला. गावाजवळच्या 'जगत्तुंग सागर' तलावाच्या नावातही राष्ट्रकूटांचं बिरुद टिकून आहे. पुढे मे 1631 मध्ये शाहजहानच्या फौजेने कंधार जिंकलं. त्या वेढ्याचं चित्र शाहजहानच्या कारकिर्दीचा इतिहास सांगणाऱ्या 'पादशाहनामा'च्या सचित्र हस्तलिखितात आहे आणि ते हस्तलिखित आज इंग्लंडमधल्या विंडसरला आहे. मराठवाड्यातल्या किती शाळकरी मुलांना हे सांगितलं जातं? सांगायलाच हवं.

भर पावसात इथे फिरणं म्हणजे सह्याद्रीतली दमछाक नव्हे. चढ फारसा नाही, पण काळजी तेवढीच घ्यावी लागते. काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि काळी माती बुटांच्या तळाला जाड थरांनी चिकटते, मग पकड राहत नाही. तटाच्या कडेचे दगड सैल असू शकतात, गवताखाली खळगे दिसत नाहीत. खंदकाच्या काठावर उभं राहून फोटो काढू नये. ढग गडगडू लागले तर बुरुजावरून आणि एकट्या झाडाखालून लगेच दूर व्हावं. मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसं दगावतात. सकाळी लवकर निघावं, बुटांचा तळ खाचांचा असावा आणि हातात काठी ठेवावी.