भांड्यावरचे नाव आणि चित्रावरची मोहोर

पांढुर्णा-सौंसर भागातील एखाद्या जुन्या मराठी घरात फळीवरचा पितळी गुंड किंवा डबा हाती घेऊन पाहावा. त्यावर कोणाचे तरी नाव, एखादी तारीख आणि बहुधा देणाऱ्याचेही नाव कोरलेले असते. भांडे कोणाचे, कोणी दिले आणि कोणत्या निमित्ताने दिले, हे तीन पिढ्यांनंतरही सांगता येते. त्याच घराच्या बैठकीत टांगलेल्या चित्राविषयी विचारले, तर मात्र ‘पूर्वीपासून आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्यातून ते चित्र चिनी असले, म्हणजे विचारणेच संपले. धुक्यात बुडालेले डोंगर, बांबूची चार पाने, कडेला उभ्या ओळीतली अक्षरे आणि एक तांबडा शिक्का. हे कोणाच्या हातचे, हे आपल्याला कळणे नाही, असे आपण धरूनच चालतो. आमच्या मते ही निराशा अनाठायी आहे. चिनी चित्रकार आपली ओळख मागे ठेवण्यात आपल्या भांडेवाल्यांपेक्षा कमी दक्ष नसतो.

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीतील मोडी कागद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना शिक्कामोर्तब म्हणजे काय हे सांगावयास नको. चिनी चित्रावरील तांबड्या मोहोरेचे कामही तेच. काही मोहोरांत तांबडी अक्षरे पांढऱ्या भुईवर उमटतात, तर काहींत पांढरी अक्षरे तांबड्या भुईवर. अक्षरांचे वळण पुरातन असल्याने आजच्या सुशिक्षित चिनी माणसालाही ती सहज वाचता येत नाहीत. शेजारच्या उभ्या ओळी उजवीकडून डावीकडे वाचावयाच्या. त्यांत चित्रकाराचे नाव, काढल्याचे वर्ष आणि कधी कधी ज्याला चित्र भेट दिले त्याचाही उल्लेख असतो.

नावाच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. चिनी रीतीप्रमाणे आडनाव आधी येते आणि चित्रकार अनेकदा टोपणनावाने सही करतो. १९३९ साली शांतिनिकेतनात आलेल्या आणि १९४० मध्ये महात्मा गांधींचे चित्र काढणाऱ्या शू बेइहोंग यांचे जन्मनाव वेगळेच होते. शिवाय फ्रान्समधील शिक्षणानंतर ते आपले नाव फ्रेंच धाटणीने ‘जू पेओं’ असेही लिहीत. ही गोष्ट ठाऊक नसलेला मनुष्य एकाच चित्रकाराचे दोन चित्रकार करून बसेल.

वर्ष वाचण्याची रीत आपल्याला परकी वाटू नये. आपल्या पंचांगात प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरे आहेत. चिनी कालगणनेतही साठ वर्षांचे चक्र असून प्रत्येक वर्षाला स्वतंत्र नाव आहे. त्यांचे चक्र १९८४ मध्ये नव्याने सुरू झाले, आपले प्रभव संवत्सर १९८७ मध्ये आले. अडचणही दोन्हीकडे सारखीच. केवळ संवत्सराच्या नावावरून साल ठरत नाही. चक्रारंभीचे वर्ष लिहिलेले चित्र १९२४ चे की १९८४ चे, हे कागद, रंग आणि हात पाहूनच ठरवावे लागते.

एकाच चित्रावर पुष्कळ मोहोरा दिसल्या, तर गोंधळून जाऊ नये. त्यांतील बऱ्याच पुढील मालकांच्या असतात. अठराव्या शतकातील च्यनलुंग बादशहाला तर आपल्या संग्रहातील चित्रांवर मोहोरा उमटविण्याचा मोठा सोस होता. परंतु मोहोर कोरून घेता येते आणि सहीही गिरविता येते. विसाव्या शतकातील जांग दाच्यान हा स्वतः थोर चित्रकार. तरी प्राचीन चित्रकारांच्या हुबेहूब नकला करण्यात त्याचा हातखंडा होता. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाने १९५७ मध्ये दहाव्या शतकातील म्हणून घेतलेले एक चित्र पुढे त्याच्याच हातचे असल्याचे मानले गेले. म्हणून जाणकार प्रथम रेषा पाहतात. शाई कोठे दाटली, कुंचला कोठे थबकला आणि कोठे निर्धास्त धावला, हे नकलाकाराला सर्वस्वी लपविता येत नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. फान ख्वान या सोंगकालीन चित्रकाराचे डोंगर आणि वाटसरूंचे प्रख्यात चित्र तैवानमधील राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. सुमारे हजार वर्षांच्या या चित्रावरील त्याची सही १९५८ मध्ये ली लिन्त्सान या अभ्यासकाला झाडांच्या पानांत दडलेली आढळली. पिढ्यान्‌पिढ्या रसिकांनी ते चित्र पाहिले होते. पान अन् पान निरखणारा एकच निघाला.

आपल्या मध्य प्रदेशातही असे एक पान आहे, आणि ते तर प्रत्येक शाळकरी मुलाच्या ओळखीचे आहे. भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी केली. त्यातील उद्देशिकेच्या पृष्ठाचे श्रेयही सरसकट नंदलालबाबूंना दिले जाते. वस्तुतः त्या पृष्ठाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात देवनागरीत ‘राम’ अशी छोटी सही आहे. ती जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांची. याच सिन्हांनी पुढे चीनमध्ये जाऊन तेथील कुंचल्याच्या कलेचे शिक्षण घेतले. येथे लिपी आपली, भाषा आपली, अक्षरे दोनच. तरीही नाव दुर्लक्षितच राहिले. नाव अवाच्य असते म्हणून नव्हे, तर कोपऱ्याकडे कोणी पाहत नाही म्हणून ते हरवते.

तेव्हा घरात असा पट असल्यास तो चौकटीत बसविताना दुकानदाराला कडा छाटू देऊ नयेत. सही बहुधा तेथेच असते. पट गुंडाळल्यावर बाहेर दिसणारी जुनी चिठ्ठी फाडू नये. दिवसाच्या उजेडात सही आणि मोहोरांची जवळून छायाचित्रे घेऊन चिनी जाणणाऱ्याला दाखवावीत. शांतिनिकेतनात १९३७ पासून चीनभवन आहे. आणि चित्र घरात कोणी आणले, कोठून आणले, हे वडीलधाऱ्यांना विचारून निराळ्या कागदावर लिहून ठेवावे. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. दप्तरे नवी झाली, पाट्या बदलल्या. घरातील आठवणींची नोंद मात्र कोणतीही कचेरी ठेवणार नाही. ती आपणच करावयाची आहे, आणि सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच करावयाची आहे.