बाप्तिस्म्यानंतरची वर्षे

ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाची गोष्ट आपल्याकडे दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एका तऱ्हेत तो बाटतो, दुसरीत त्याचे तारण होते. सांगणारे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, पण दोघांचीही गोष्ट बाप्तिस्म्याच्या दिवशीच संपते. त्यानंतर तो माणूस वीस-तीस वर्षे जगला, संसार केला, भांडला, पैसा मिळवला, उधळला. त्या काळात त्याच्या श्रद्धेने त्याचे काय केले, हे फारसे कोणी विचारत नाही. खरे तर उत्तर लिहून ठेवलेले आहे, आणि तेही उत्तम मराठीत. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन एकापाठोपाठ एक वाचले की लक्षात येते, श्रद्धेने माणूस बदलतो, पण चर्चच्या नोंदवहीतल्या तारखेला तो बदलतोच असे नाही. कधी बदल आधी येतो आणि बाप्तिस्मा मागून. बहुतेकदा उलटे घडते, आणि मधली वाट लांब असते.

ख्रिस्ती शिकवणीलाही हे नवीन नाही. शुभवर्तमानाचा गाभा असा की देव माणसाला त्याच्या पुण्याईवर स्वीकारत नाही, कृपेने स्वीकारतो. वागणुकीतला फरक ही त्या स्वीकाराची किंमत नसून त्याचा परिणाम आहे. लूककृत शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदार बघा. येशू त्याच्या घरी आधी जातो, त्याचा पाहुणा होतो. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि लुबाडलेले चौपट परत करण्याची भाषा जक्कय त्यानंतर करतो. क्रम महत्त्वाचा. जक्कय मात्र एका भेटीत बदलला, सगळ्यांचे तसे होत नाही. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगप्रसिद्ध गीत लिहिणारा जॉन न्यूटन १७४८ च्या वादळात देवाला शरण गेला आणि त्यानंतरही काही वर्षे गुलामांनी भरलेली जहाजे हाकत राहिला. त्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे पत्रक काढले ते १७८८ मध्ये. मधली चाळीस वर्षे ज्याला अडचणीची वाटत नाहीत, त्याने साक्षी-प्रवचनांच्या वाटेला जाऊ नये.

आता आपल्याकडे येऊ. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले. घराणे कासारांचे आणि कर्मठ. मिशनच्या शाळांत शिकताना शंका सुरू झाल्या, आणि मुंबईत ते परमहंस सभेत जाऊ लागले. ही सभा जातिभेद मानत नसे, सभासद एकत्र बसून पाव खात आणि जात मोडल्याची खूण पटवत. सगळे गुपचूप. दाराआड सुधारक आणि दाराबाहेर सोवळे, अशी ती दुहेरी राहणी. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात पदमनजींनी आपल्या मनाची जी ओढाताण लिहिली आहे, तिच्यात देव खरा कोणता या प्रश्नाइतकाच दुसराही एक प्रश्न आहे: जे पटले ते उघडपणे जगायचे की नाही? १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोवर विचारांतला बदल होऊन गेला होता, राहिला होता तो धीर. तीनच वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. विधवांच्या दुःखावरचे ते पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अभ्यासले जाते, आणि शिकवताना लेखकाच्या धर्माचा उल्लेख बऱ्याचदा एका वाक्यात आटोपला जातो. कादंबरीत जागोजागी येणारा उपदेश आज कंटाळवाणा वाटतो, हे कबूल. पण विधवेचे हाल हा देवापुढचा अपराध आहे हा त्या पुस्तकातला संताप त्याच श्रद्धेतून आला आहे. तो बाजूला काढला तर पुस्तकात फारसे काही उरत नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून गुंतागुंतीची. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी संस्कृत पाठ करत देशभर तीर्थे हिंडली, १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावून बसली, कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवली गेली, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत विधवा झाली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी या जोगिणींनी चालवलेले काम त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागात पाहिले. पतित स्त्रीला इथे प्रायश्चित्ताची धमकी नव्हती, तिला जवळ घेतले जात होते. रमाबाईंच्या मनात ख्रिस्त शिरला तो या वाटेने. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

एवढ्यावरून त्या मऊ झाल्या असतील असे कोणाला वाटले तर त्यांची पत्रे वाचावीत. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममातेला रमाबाईंनी नको नको केले. पुडिंगात अंडे असते म्हणून त्या ते खात नसत. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हा वाद त्यांनी घातला. त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारले. आपण मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलो आहोत, आता दुसऱ्याचे जोखड मानेवर घेणार नाही, हा त्यांचा सूर होता. बिशपांना ही बाई उद्धट वाटली, पुण्याला ती फितूर वाटली. दोन्ही बाजूंना एकाच वेळी गैरसोयीची ठरणारी माणसे मला विश्वासार्ह वाटतात. रमाबाईंवरचा माझा लोभ तिथूनच सुरू होतो.

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. धर्मशिकवण द्यायची नाही असे ठरले होते, आणि मुलींना आपले सोवळेओवळे पाळायची पूर्ण मोकळीक होती. पण रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थनेला बसत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली दाराशी येऊन बसू लागल्या, मग आत येऊ लागल्या. दार लावून घ्या, असे त्यांना सुचवले गेले. त्यांनी लावले नाही. १८९३ मध्ये ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी होती असे म्हणता येणार नाही, मुली त्या प्रार्थनेकडे ओढल्या जातच होत्या. पण याच सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून आलेल्या गोदूबाई हिंदूच राहिल्या आणि धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या, हेही त्याच हिशेबात मांडायला हवे.

रमाबाईंनी १९०७ च्या सुमारास आपली साक्ष लिहिली. त्यातली एक गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी आणि भक्तांनी सारखीच दुर्लक्षिली आहे. बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त भेटला नव्हता, असे त्या सांगतात. तो भेटायला आणखी आठ वर्षे गेली. म्हणजे बिशपांशी वाद घालणारी, अमेरिका गाजवणारी, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ लिहिणारी आणि शारदा सदन उभे करणारी रमाबाई स्वतःच्या मते अजून बाहेरच्या ओसरीवर होती. बुद्धीला पटले होते, पापाचे ओझे उतरले नव्हते.

उतरल्यानंतर काय झाले ते केडगावला दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीने सांगाडे झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या आणि गाडीत बसवून आणल्या. वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः तशाच उपाशी हिंडल्या होत्या. आता जात विचारण्याचा प्रश्न उरला नव्हता. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांचे होते. केडगावच्या मुक्ती सदनात कुणबी, महार, भिल्ल, आंधळी, फसवलेली, सगळ्या आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर हा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. रमाबाईंच्या कामाला हातभार लावणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाने मदत कबूल केली होती ती दहा वर्षांसाठी, आणि ती मुदतही याच सुमारास संपली. पुढचे सगळे प्रार्थनेच्या भरवशावर, असे त्या म्हणत. भरवशाच्या जोडीला विहिरी, शेत, गोठा, हातमाग, तेलघाणा आणि छापखानाही होता, कारण ही बाई प्रार्थना करून उठली की पहाटेपासून कामाला लागत असे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणायला घेतले, आणि छापखान्यात त्याचे खिळे मुलींनी जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

टिळकांच्या घरात बदल याहून अवघड होता, कारण तो एकट्याचा नव्हता. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. गिरिप्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता! लक्ष्मीबाईंच्या पदरात लहानगा दत्तू होता. माणूस जिवंत असून गेल्यासारखा झाला होता. ख्रिस्ती चरित्रकार या जागी घाईने पुढे सरकतात. लक्ष्मीबाई सरकत नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ते दिवस सारे लिहिले आहेत, वेड लागायची पाळी आली होती इथपर्यंत. एकाच्या आत्म्याची शांती दुसऱ्याच्या संसाराची राख करून येते, हा प्रश्न त्यांनी कोणावरही राग न काढता वाचकापुढे ठेवला आहे, आणि त्याचे उत्तर माझ्याकडेही नाही.

काही वर्षांनी त्या नगरला नवऱ्याजवळ राहायला आल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. स्वतःचे पाणी, स्वतःची चूल. ज्या घरात वडील बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत घेत नसत, त्या घरची ही मुलगी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. आणि मग एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच वाद मांडला. पशुपक्ष्यांच्या जाती डोळ्यांना दिसतात, माणसाच्या का दिसत नाहीत? देवाने केल्या असत्या तर दिसल्या असत्या. त्यांनी ठरवून टाकले की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. ज्या बाईने मडके बदलले तिला धर्म बदलायला फार वेळ लागला नाही. पुढे या घरात परक्यांची पोरे वाढली, कवी बालकवी राहून गेले, आणि यजमानीणबाईंचा विनोद कायम राहिला.

टिळक मात्र शेवटपर्यंत टिळकच राहिले. तापट, उदार, पैशाच्या बाबतीत संपूर्ण बेभरवशाचे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. चर्चमध्ये भजन-कीर्तन रुजवण्यासाठी झटत आणि गोऱ्या मिशनऱ्यांच्या तोऱ्यावर बोलत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते वारले. बाप्तिस्म्याला बावीस वर्षे झाल्यावरची ही उलथापालथ आहे, म्हणून तिचे मोल मला १८९५ च्या घटनेपेक्षा अधिक वाटते.

या सगळ्या आढाव्यात एक भोक आहे. आत्मचरित्रे लिहिली ती शिकलेल्या, बहुतेक ब्राह्मण घरांतल्या माणसांनी. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या ज्यांच्यामुळे भरल्या, ते महार-मांग कुटुंबांतले लोक. मिशनच्या शाळेत मुलगी शिकली, बाप वाचायला शिकला, रविवारी कोणीतरी त्याला नावाने हाक मारली: हा बदल कोणत्याही तत्त्वचिंतनाहून लहान नाही, पण त्याचे ‘स्मृतिचित्रे’ झाले नाही. जात चर्चच्या पायरीवर सुटली असेही नाही. लग्न जुळवताना ती मागल्या दाराने आत आली आणि अजून आहे. सरकारच्या लेखी तर उलटेच झाले. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे शीख आणि बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यांनी श्रद्धेची किंमत दाखल्यात मोजली. ज्याला फुकट तांदळासाठी बाटलेला म्हणून हिणवतात, तो पिढ्यान् पिढ्या सवलत गमावून तिथेच का राहिला, याचे उत्तर हिणवणाऱ्यांनी द्यावे.

वसईकडे वेगळे चित्र आहे. तिथले कॅथलिक पोर्तुगीज काळापासूनचे, जन्माने ख्रिस्ती. त्यांच्यापुढे धर्मांतराचा प्रश्न नव्हता, वारशाने आलेल्या श्रद्धेत जीव ओतण्याचा होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले, आणि वसईची हिरवी जमीन बिल्डर आणि गुंड गिळू लागले तेव्हा हरित वसईच्या लढ्यात ते रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने मिस्सा सांगावा, टँकर आणि सातबारा यांत कशाला पडावे, असे म्हणणारे चर्चमध्येही होते. दिब्रिटोंना जे शुभवर्तमान ठाऊक होते त्यात विहीर आटलेला शेजारीही बसत होता. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा हा पाद्री जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. निवडीला विरोध झाला, धमक्या आल्या. संमेलन झाले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले.

‘स्मृतिचित्रे’ आपल्याकडे विनोदी उताऱ्यांसाठी वाचले जाते, ‘यमुनापर्यटन’ परीक्षेसाठी, आणि रमाबाई भाषणात नाव घेण्यापुरत्या उरतात. या दिवाळीत ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हातात घेतलेत, तर सोवळे सुटल्यानंतरची पाने वगळू नका. आणि ‘अरुणोदय’ ग्रंथालयात मागा. नसेल तर ग्रंथपालाला आणायला लावा.