पहिली प्रीती आणि पहिली कृत्ये



काही वर्षांपूर्वी, वर्षअखेरच्या उपासनेत, साक्ष देण्याची पाळी माझ्यावर आली. देवाने आपल्यासाठी काय केले ते बंधुभगिनींसमोर उभे राहून सांगणे, याला आम्हा ख्रिस्ती लोकांत 'साक्ष' असे म्हणतात. मी माझी नेहमीचीच साक्ष सांगितली. वयाच्या अठराव्या वर्षी चिखलदऱ्यास तरुणांचा मेळावा भरला होता. शेवटच्या रात्री प्रार्थना चालू असता माझे अंतःकरण विरघळले, मी रडलो, आणि त्या रात्री माझे आयुष्य प्रभूच्या हाती दिले. लोकांनी 'आमेन' म्हटले. उपासना आटोपल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा माझ्याजवळ आला आणि वऱ्हाडी मोकळेपणाने म्हणाला, "गुरुजी, हे तं जुनं झालं. औंदाचं काय?"

मुलाच्या बापाने त्याला दटावले. मी हसून वेळ मारून नेली खरी. पण अमरावतीच्या माझ्या घरी परत येईपर्यंत माझ्यापाशी त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. चाळीस वर्षांहून अधिक काळ मी एकच रात्र सांगत आलो होतो. पत्नीच्या निधनानंतर तर प्रार्थनेस बसावे आणि शब्दच फुटू नये, अशी माझी अवस्था होती. आणि तरीही साक्षीला उभा राहिलो की मी चिखलदराच सांगत असे. आजच्या भाषणाचा विषय त्या मुलाने मला दिला आहे. भक्तीचा परमोच्च क्षण येऊन गेल्यावर भक्ती टिकते ती कशावर?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. उत्कट भावना ओसरते ती माणूस खोटा असतो म्हणून नव्हे. भावनेचा धर्मच मुळी भरती-ओहोटीचा आहे. पुत्रजन्माचा आनंद बारशापर्यंत जसा असतो तसा पुढे राहत नाही. पण म्हणून बापाचे प्रेम आटले असे कोणी म्हणत नाही. ते मुलाच्या औषधात, शाळेच्या फीमध्ये आणि रात्रीच्या जागरणात उतरलेले असते. भक्तीचेही असेच आहे. क्षण जातो, आणि तो जावा हेच योग्य असते.

शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. येशूने आपल्या तीन शिष्यांना उंच डोंगरावर नेले आणि तेथे त्यांच्यादेखत त्याचे रूप पालटून तेजोमय झाले. पेत्राला इतका आनंद झाला की, येथेच तीन मंडप उभारावे असे त्याने सुचविले. मंडप काही उभारले गेले नाहीत. सर्वजण खाली उतरले. आणि पायथ्याशी काय होते? एक दुखणाईत मुलगा, त्याचा हवालदिल झालेला बाप आणि हतबल होऊन उभे असलेले बाकीचे शिष्य. डोंगरावरचे दर्शन पायथ्याच्या त्या मुलाकडे नेणारे होते.

चिखलदऱ्याचा घाट उतरून परतवाड्यास आलेल्या माणसाला हा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. वरची थंड हवा घटकाभरात संपते आणि मैदानाचा उन्हाळा अंगाला लागतो. त्याच परतवाड्यानजीक कोठारा येथे मिशनच्या जुन्या काळापासूनचे कुष्ठरुग्णालय आहे. जखम रोज धुवावी लागते, पट्टी रोज बदलावी लागते. काल मन किती उचंबळले होते याची त्या जखमेला काय मातब्बरी?

आता आपल्या महाराष्ट्रातील एक मोठे उदाहरण पाहू. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेज येथे १८८३ साली झाला. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी प्रांजळपणे लिहिले की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता; तो अनुभव आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास आला. त्यानंतर १९०५ साल उजाडले. आदल्या वर्षी वेल्समध्ये आणि त्याच वर्षी खासी टेकड्यांत धर्मजागृतीची लाट उठली होती. रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात स्त्रियांचा प्रार्थनामंडळ सुरू केला होता. जूनच्या अखेरीस तेथे असे काही घडले की मुली तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या, पापे कबूल करून रडू लागल्या, आनंदाने गाऊ लागल्या. त्या जागृतीचा वृत्तांत मिनी एब्रम्स या सहकारी बाईंनी लिहिला. तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत पोहोचला आणि तेथील १९०९ च्या जागृतीस प्रेरक ठरला.

इतके मोठे शिखर! पण रमाबाईंनी पुढची वर्षे त्या शिखराचे वर्णन करण्यात घालविली नाहीत. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. त्यासाठी संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने उतारवयाकडे झुकताना हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. शब्द शोधणे, वाक्य खोडणे, पुन्हा लिहिणे, मुक्तीच्याच छापखान्यात खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे हे काम वर्षानुवर्षे चालले. या कामात टाळ्या नाहीत की अश्रू नाहीत. ऐकू येणे कमी झाले होते. १९२१ च्या जुलैत एकुलती एक कन्या मनोरमाबाई गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. १९०५ ची जागृती खरी होती की नव्हती, असा वाद कोणी घातला तर मी त्या रात्रींकडे बोट दाखविणार नाही. मुद्रितांच्या त्या चळतीकडे दाखवीन.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावास चालले असता डब्यात त्यांची एका गोऱ्या पाद्र्याशी गाठ पडली. हे अर्नेस्ट वॉर्ड. १८८१ साली हिंदुस्थानात आलेल्या या गृहस्थांचा आपल्या वऱ्हाडातील मिशनकार्याशी निकटचा संबंध होता. त्यांनी टिळकांना 'नवा करार' दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. घर तुटले, आप्त दुरावले. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० साली ख्रिस्ती झाल्या.

एवढ्या त्यागानंतर टिळकांना आयुष्यभर १८९५ सालच सांगत बसता आले असते. त्यांनी तसे केले नाही. अभंग रचले, विद्यार्थी शिकविले, 'ज्ञानोदया'त लिहिले. आणि १९१७ साली, पंचावन्न वर्षांचे असताना, मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' स्थापिला. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. जेमतेम दहा अध्याय झाले होते. उरलेले चौसष्ट अध्याय कोणी लिहावे? ज्यांनी शाळेची पायरी कधी चढली नव्हती त्या लक्ष्मीबाईंनी! त्या १९३६ साली निवर्तल्या आणि ग्रंथ १९३८ साली निघाला. पतीच्या आठवणी त्यांनी 'स्मृतिचित्रां'त जपल्या हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्या आठवणींवरच त्या थांबल्या नाहीत, त्यांनी पतीचे राहिलेले काम उचलले. स्मरण आणि निष्ठा यांतील फरक एवढाच आहे.

हाच फरक पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात इफिस येथील मंडळीला सांगितला आहे. तिने आपली पहिली प्रीती सोडली, असा तिच्यावर ठपका आहे. आणि उपाय कोणता? जेथून पडलीस ते आठव, मन फिरव आणि पहिली कृत्ये कर. आयुष्यात अनेकदा वाचूनही माझ्या हे ध्यानात आले नव्हते की, प्रभू येथे पहिले अश्रू मागत नाही, पहिला रोमांच मागत नाही. तो पहिली कृत्ये मागतो. भावना मागून आणता येत नाही, कृत्य मात्र आज सकाळी करता येते. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळे तोही रोजचा रोज वेचावा लागे; दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्यात किडे पडत. केवळ शब्बाथाचा अपवाद होता. कालची कृपा खरीच होती, पण ती कालच्या दिवसापुरती होती. आपल्या वारकऱ्याला विचारा. 'अमक्या साली मी पंढरीस जाऊन आलो' एवढ्यावर तो समाधान मानतो काय? आषाढ आला की तो पुन्हा चालू लागतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मन कोरडे पडले म्हणजे प्रत्येक वेळी पापच घडले, असे स्वतःला वा दुसऱ्याला टोचू नये. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलेला पाहणारा एलीया संदेष्टा लगेच पुढे रानात झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि मग चाळीस दिवसांच्या वाटेला लावले. शोकाने वा थकव्याने मुका झालेल्या भक्ताला आधी भाकर आणि विसावा लागतो. त्याच्यासाठी इतरांनी प्रार्थना म्हणावी; त्याने नुसते शेजारी बसावे. तेही भक्तीतच जमा आहे.

मग मी काय केले, असे आपण विचाराल. फार थोडे केले. चिखलदऱ्याहून परतल्यावर त्या वर्षी मी कोणती कामे करीत होतो ते आठवून पाहिले. पहाटे एक अध्याय वाचीत असे. दर रविवारी दुपारी एका अंध गृहस्थांना वाचून दाखवीत असे. ज्याच्याशी अबोला होता त्याला पत्र लिहिले होते. तीच तीन कामे मी पुन्हा धरली. अंध गृहस्थ आता हयात नाहीत. पण आमच्या आळीत दृष्टी गेलेल्या एक वृद्ध बाई आहेत. प्रार्थनेला शब्द न सुचले तेव्हा छापील प्रार्थनाच वाचल्या. डोळ्यांत पाणी आले नाही. अजूनही क्वचितच येते. मात्र रविवारी मला उशीर झाला तर त्या बाई नातीला माझ्या दारी पाठवितात, एवढे खरे.

पुढच्या वर्षअखेरीस साक्षीसाठी उभा राहिलो तेव्हा मी चिखलदऱ्याचे नाव काढले नाही. चालू वर्षात काय वाचले, कोठे चुकलो आणि कोणाची क्षमा मागितली एवढेच सांगितले. साक्ष दोन मिनिटांत संपली. तो मुलगा पहिल्या बाकावर बसला होता. या वेळी त्याने काही विचारले नाही.