रस्त्यांवरील अपघात : अहिल्यानगर जिल्हा

सार्वजनिक रस्त्यावर निदान एका धावत्या वाहनाचा संबंध येऊन जीवितास वा मालमत्तेस हानी पोहोचविणाऱ्या घटनेस रस्त्यावरील अपघात म्हणतात. भारतात २०२२ मध्ये अशा ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. यांपैकी सु. ७१% मृत्यूंची नोंद अतिवेग या कारणाखाली झालेली आहे. पोलीस पंचनाम्यात बहुधा चालकाचा दोष तेवढा नोंदला जातो. रस्त्याची रचना, प्रकाशाचा अभाव, समोरील अडथळा इ. कारणे त्या एका शब्दाआड दडून राहतात.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा (१७,०४८ चौ. किमी.) असून पुणे–छत्रपती संभाजीनगर, नाशिक–पुणे, कल्याण–विशाखापटनम व मनमाडहून शिर्डीमार्गे दक्षिणेकडे जाणारा असे वर्दळीचे मार्ग त्यातून जातात. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर याच मार्गावर धावली. आज या मार्गांवर दूरची जड वाहने आणि गावची वाहतूक एकत्र चालते, व या दोहोंच्या वेगांतील तफावत हेच येथील अपघातांचे मूळ मानावयास हवे.

ऊसगाळपाच्या हंगामात ही तफावत सर्वाधिक जाणवते. साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रात्रीही रस्त्यावर असतात. ट्रेलरला मागील दिवे नसतात, परावर्तक पट्ट्या असल्या तरी त्या उसाच्या मोळ्यांखाली किंवा चिखलाने झाकल्या जातात. ताशी ८० किमी. वेगाने येणारे मोटारवाहन सेकंदाला सु. २२ मी. अंतर कापते. अडथळा ओळखून ब्रेक दाबेपर्यंत रस्ते-अभियांत्रिकीत गृहीत धरलेला २·५ सेकंदांचा काळ लागल्यास तेवढ्यातच ते ५५ मी. पुढे गेलेले असते. वाहन पूर्ण थांबण्यास एकूण सु. १२० मी. लागतात. समोरून वाहन येत असताना दिव्यांचा झोत खाली करावा लागतो. त्या झोतात काळसर ट्रेलर ४०–५० मी.वर दिसला, तर सावध चालकासही ब्रेक दाबण्यापूर्वीच धडक टाळता येत नाही. अशा अपघातास केवळ निष्काळजीपणा म्हणणे अपुरे होय. जानेवारी २०२४ मध्ये पारनेर तालुक्यात ढवळपुरी फाट्याजवळ ऊसवाहू ट्रॅक्टर, मोटार व बस यांच्या पहाटेच्या अपघातात सहा जण मरण पावले.

पायी यात्रा ही दुसरी विशेष बाब. शिर्डीकडे येणाऱ्या पालख्या व आळंदी-पंढरपूरच्या दिंड्या महामार्गाच्या कडेनेच चालतात. डिसेंबर २०२३ मध्ये संगमनेर तालुक्यात शिर्डीहून आळंदीस निघालेल्या दिंडीत मालवाहू वाहन शिरून चार वारकरी मृत्युमुखी पडले. स्वतंत्र पदपथ नसेल, तर पांढऱ्या रेषेने पादचाऱ्याचे संरक्षण होत नाही.

चौपदरीकरणाने समोरासमोरच्या धडका कमी होतात. परंतु दुभाजकातील अनधिकृत फटींतून दुचाकीस्वार रस्ता ओलांडू लागतात, किंवा वळसा टाळण्यासाठी विरुद्ध दिशेने येतात. करंजी व चंदनापुरी घाटांत उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ते तापून निकामी होणे, हे जड वाहनांच्या अपघातांचे परिचित कारण आहे.

कोपरगाव तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तेथे बैलगाडी वा दुचाकी नाही. मात्र सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकास पेंग येते. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू वारंवार दबून तापतात आणि दीर्घकाळच्या वेगात टायर फुटतो.

राष्ट्रीय महामार्गाच्या सु. ५०० मी. लांबीत तीन वर्षांत गंभीर दुखापतीचे वा प्राणघातक असे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाल्यास ते ठिकाण ‘अपघातप्रवण’ ठरते. ही पद्धत उपयुक्त असली, तरी तीत रस्ता दुरुस्त होण्याआधी माणसे मरावी लागतात, हा तिचा उघड दोष होय.

जखमीस उचलण्यास लोक कचरतात, याचे कारण पोलीस चौकशीची धास्ती. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली घातलेल्या कलम १३४-अ नुसार सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही.