कातडीची सुई, पण कोणती?

जनावराचे केस गळाले की आपण म्हणतो, "डॉक्टर, सुई द्या." पण कोणती? खरूज सूक्ष्म किड्यांमुळे होते. तिच्यावर आयव्हरमेक्टिन गुणकारी. एक टक्क्याचे औषध दर ५० किलो वजनाला १ मिलि, तेही कातडीखाली, शिरेत कधीच नाही. गजकर्ण बुरशीचा, त्याला हीच सुई म्हणजे पैसे पाण्यात. (तो माणसालाही लागतो, हात धुवा.) लम्पीच्या गाठी विषाणूच्या. २०२२ च्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस टोचली, ती निरोगी जनावरांना. गाठी उठल्यावर ताप आणि जखमा सांभाळणेच हाती राहते.

तेव्हा आधी दवाखान्यात कातडीची खरवड तपासून घ्या. मेडिकलमधून बाटली आणून घरीच टोचणे मला मुळीच पसंत नाही. कारण आयव्हरमेक्टिन दुधात उतरते, आणि ते दूध आपलीच पोरे पितात. गाय दुभती आहे की गाभण, हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. ते दुसरा उपाय देतील. सुई दिलीच, तर दूध किती दिवस वापरायचे नाही ते विचारून गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारीख लिहा.