बोट बांधायची कुठे?

मुंबई-पुण्यात कोणी नवी गाडी घेतली की हातातला पेढा तोंडात जायच्या आत पहिला प्रश्न येतो, "पार्किंगचं काय?" प्रश्न रास्त आहे. गाडी दिवसातला तासभर चालते आणि उरलेला सगळा वेळ उभी असते. शिडाच्या हौशी बोटीच्या बाबतीत हे प्रमाण आणखीच व्यस्त असतं. वर्षातले तीसेक दिवस बोट चालली तरी मालक स्वतःला भाग्यवान समजतो. बाकीचे तीनशे-साडेतीनशे दिवस ती नुसती बांधलेली असते. घेताना माणसं तिची शिडं पाहतात, इंजिन पाहतात, आत किती जण झोपू शकतील ते मोजतात. पण मालकाचं आणि बोटीचं पुढे कसं जमणार, हे पुष्कळदा ती बांधली कुठे आहे यावरच ठरतं.

हे मी शिकलो ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. माझा भाचा पंचवीस वर्षांपासून पोर्टस्मथला असतो. पन्नाशी ओलांडल्यावर त्याने नऊ मीटर लांबीची, बरीच वापरलेली अशी शिडाची बोट घेतली आणि चिचेस्टर हार्बरमध्ये ठेवली. गेल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही त्याच्याकडे राहायला होतो, तेव्हा घरात एकच विषय होता. बोट आहे तिथेच, म्हणजे खाडीतल्या बोयाला ठेवायची, की सहा-साडेसहापट भाडं मोजून मरीनात हलवायची?

हार्बर म्हटल्यावर धक्के आणि क्रेन डोळ्यांपुढे येतात. चिचेस्टर हार्बर तसं नाही. आपल्याकडच्या एखाद्या खाडीसारखे पाण्याचे चार फाटे जमिनीत शिरलेले, काठाला चिखल, पाणथळ गवत, पक्ष्यांचे थवे. 1964 साली या परिसराला खास निसर्गसौंदर्याचा प्रदेश म्हणून संरक्षण मिळालं आणि 1971 च्या कायद्याने त्याचा कारभार एका स्वतंत्र संस्थेकडे गेला. उधाणाला इथे भरती-ओहोटीत सुमारे चार मीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ मुंबईइतकाच. काठावर एक गाव आहे. लिहितात बोशॅम, म्हणतात बॉझम. कनूट राजाने लाटांना मागे हटायचा हुकूम केला तो इथेच, असं गावकरी सांगतात. इंग्लंडात आणखीही काही गावं तोच दावा करतात. पण बॉझमचा रस्ता आजही उधाणाच्या भरतीला पाण्याखाली जातो, आणि पाटी न वाचता गाडी लावून चहाला गेलेला पाहुणा परत येतो तेव्हा समुद्र गाडीत बसलेला असतो.

बोया आणि बर्थ

या खाडीत बोट ठेवायचे मुख्य मार्ग दोन. पहिला म्हणजे ज्याला तिकडे स्विंगिंग मूरिंग म्हणतात तो. तळाच्या चिखलात काँक्रीटचा किंवा बिडाचा जड ठोकळा पुरलेला असतो. त्याला जाड साखळी, साखळीला मध्ये फिरकी आणि वर तरंगणारा बोया. बोट नाळेकडून त्या बोयाला बांधायची आणि सोडून द्यायची. वारा आणि प्रवाह फिरेल तशी ती बोयाभोवती फिरते. ओहोटी संपून भरती लागली की खाडीतल्या शेकडो बोटी हळूहळू तोंडं वळवतात. हे दृश्य मी काठावर बसून तासन्‌तास पाहिलं आहे. सगळ्या एकदम मात्र वळत नाहीत. खोल आणि लांब तळाची बोट प्रवाहाचं ऐकते, उथळ तळाची वाऱ्याचं. वारा आणि प्रवाह उलटसुलट असले की शेजारणी एकमेकींच्या अंगावर येतात. म्हणून प्रत्येक बोटीला पूर्ण गोल फिरता येईल एवढी जागा सोडावी लागते.

दुसरा मार्ग मरीनातल्या बर्थचा. हा बर्थ रेल्वेतला नव्हे, पण कल्पना तीच. तुमच्या नावाची, नेमक्या मापाची जागा. तरंगत्या लाकडी फलाटाला बोट चारी बाजूंनी बांधायची. फलाटावरच नळ आणि विजेचं कनेक्शन. रात्री दिवे, दाराला कुलूप, पहारा. चिचेस्टर मरीनात हजारावर बोटी राहतात. तिला कालव्याला असतात तसे दरवाजे आहेत, त्यामुळे बाहेर ओहोटी लागली तरी आत पाणी टिकतं. शेजारचं बर्डम पूल तर ब्रिटनमधली सर्वांत जुनी मरीना असल्याचं सांगतं. मुळात ते भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीचं तळं. गिरणी बंद पडली, तळं उरलं आणि त्यात बोटी आल्या.

भाच्याचं मत ठाम होतं. "मामा, मरीना म्हणजे पाण्यातली हाउसिंग सोसायटी. शेजाऱ्याचा रेडिओ, डोलकाठ्यांवर रात्रभर वाजणारे दोर आणि मेंटेनन्सचं बिल. बोयावर रात्री फक्त पाण्याचा आवाज."

त्याचं म्हणणं मी एका संध्याकाळी अनुभवलं आणि ते खोटं नाही. बोयावरची बोट बहुतेक वेळा वाऱ्याला तोंड देऊन उभी असते, त्यामुळे आत हवा खेळती राहते आणि पाऊस दारातून आत येत नाही. चिखलावर कर्ल्यू पक्षी ओरडत होते. दूर वाळूच्या पट्ट्यावर सील पहुडले होते. मरीनातल्या बोटीला असं वळता येत नाही. वारा बाजूने आला तर तो कुशीवर झेलावा लागतो. शिवाय अरुंद गल्लीत आडव्या वाऱ्यात बोट जागेवर लावणं म्हणजे चिंचोळ्या सोसायटीत गाडी रिव्हर्स घेण्यासारखं, फक्त बोटीला ब्रेक नाही. आणखी एक छुपा खर्च आहे. किनाऱ्याच्या विजेची अर्थिंगची तार सगळ्या बोटींना एकमेकींशी जोडते. त्यातून सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि तळाला लावलेले जस्ताचे तुकडे भराभर झिजतात. त्यासाठी वेगळं उपकरण बसवावं लागतं.

पण बोयावरची बोट पाण्यात असते आणि मालक काठावर. मधल्या दोन-तीनशे मीटरचं काय?

मधलं पाणी

ते अंतर डिंगीने, म्हणजे छोट्या रबरी होडीने कापायचं. गाडीतून सामान काढा, डिंगी उतारावरून पाण्यापर्यंत न्या, तिला इंजिन लावा, सामान एका खेपेत, माणसं दुसऱ्या खेपेत. मग हलत्या होडीत उभं राहून हलत्या बोटीचा कठडा पकडायचा आणि वर चढायचं. आवरायला तास-सव्वा तास सहज जातो. परतताना तेच उलट. त्याआधी बोया पकडायचा. वाऱ्याच्या वा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने हळूच जवळ यायचं आणि एकाने पुढे वाकून आकडीने दोर उचलायचा. सुकाणूवर नवरा आणि आकडी बायकोच्या हातात असेल, तर या दोन मिनिटांत संसाराची परीक्षा होते.

हे विनोदाचं झालं. न-विनोदाचं असं, की शिडाच्या छंदात अनुभवी माणसं खुल्या समुद्राइतकीच या छोट्या फेरीला भितात. एप्रिलमध्ये तिथल्या पाण्याचं तापमान दहा अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचा पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा सुटतो आणि चांगला पोहणाराही पाणी गिळतो. होडी छोटी, सामान जास्त, अंधार पडलेला आणि "एवढंसं तर जायचंय" म्हणून जाकीट गाडीत राहिलेलं, हा अपघाताचा नेहमीचा मसाला आहे.

माझ्या भाचेसुनेला संधिवात आहे. गुडघे साथ देत नाहीत. पहिल्या मोसमात ती हौसेने गेली. दुसऱ्या मोसमात तिचं जाणं कमी होत होत थांबलं. ती तक्रार करणाऱ्यांतली नाही. एकदा चहा ओतता ओतता एवढंच म्हणाली, "मामा, मला बोटीवर जायला आवडतं. बोटीवर चढायला नाही."

भाच्याने वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "तुम्ही बँकेत बोटींची कर्जं मंजूर करायचात. तुम्हीच सांगा."

दिवसांचा हिशेब

कोकण किनाऱ्यावरच्या एका शाखेत मी काही वर्षं होतो आणि मच्छीमारांच्या यांत्रिक बोटींचे कर्जअर्ज माझ्या टेबलावरून जात, हे खरं. अर्जात बोटीची किंमत मोठ्या अक्षरांत असे. आम्ही आधी शोधायचो तो आकडा वेगळाच असे. बोट वर्षात समुद्रावर किती दिवस जाणार? पावसाळा वजा, सणवार वजा, दुरुस्ती वजा. उरलेल्या दिवसांवर हप्ता उभा राहतो की नाही, ते पाहायचं. स्वस्तात मिळालेली, पण महिनोन्‌महिने किनाऱ्यावर पडून राहणारी बोट बँकेला सगळ्यांत महाग पडते. त्या काळात हर्णैला सुवर्णदुर्गासमोर मचवे पाण्यात नांगरलेले असत आणि मासळी छोट्या होड्यांतून, बैलगाड्यांतून किनाऱ्यावरच्या लिलावाला येई. त्या लोकांपुढे मरीना की बोया, असा प्रश्नच नव्हता. निवड करता येणं हीच मोठी चैन आहे, हेही मी भाच्याला सांगितलं.

मग आकडे मांडले. दर ठिकाणागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून हे त्याच्या वहीतले गोळा आकडे समजावेत. मरीनात नऊ मीटरला वर्षाला साडेसहा हजार पौंड. बोयाचं भाडं हजार पौंडच, पण डिंगी ठेवायची जागा, क्लबची वर्गणी, पाण्यातल्या टॅक्सीचे फेरे, डिंगीच्या इंजिनाची दुरुस्ती धरून बेरीज तेवीसशेवर गेली. तरीही फरक बेचाळीसशे पौंडांचा, म्हणजे आपल्याकडचे पाचेक लाख. घर चालवणाऱ्या माणसाने दुर्लक्ष करावं अशी ही रक्कम नाही.

मी विचारलं, "गेल्या मोसमात किती दिवस गेलास?" बोटीच्या नोंदवहीत चौदा दिवस निघाले. तेवीसशेला चौदाने भागलं. दिवसाला एकशे चौसष्ट पौंड. त्याच भावात मरीना परवडायची तर वर्षात चाळीस दिवस जायला हवं. त्याचा चेहरा उतरला. चाळीस दिवस काढणं नोकरीत शक्य नव्हतं.

सुरक्षिततेचा मुद्दाही त्याने काढला आणि तो दोन्हीकडे कापतो. बोयाची साखळी तळाला घासते तिथे झिजते. दोर नाळेवर कातरतो. तपासणी चुकली की वादळात बोट सुटते. ऑक्टोबर 1987 च्या वादळात दक्षिण इंग्लंडात अशा अनेक बोटी बोया तोडून किनाऱ्यावर आदळल्या. पण मरीना म्हणजे अभय नव्हे. मार्च 2018 मध्ये एमा वादळाच्या वेळी वेल्समधल्या होलीहेडची मरीना ईशान्येच्या वाऱ्याने मोडून टाकली. फलाट तुटले आणि त्यांना बांधलेल्या डझनावारी बोटी फुटल्या, बुडाल्या. म्हणून विमा कंपन्या केवळ प्रकार पाहत नाहीत. जागा कुठल्या वाऱ्याला उघडी आहे, साखळी कोणी तपासली, हिवाळ्यात बोट जमिनीवर असते का, हेही विचारतात.

वहीत न मावणारी गोष्ट एकच होती. चौदा दिवसांपैकी त्याची बायको बरोबर होती ती फक्त तीन दिवस. बेचाळीसशे पौंडांची बचत होत होती, पण बोट हळूहळू एकट्याची होत चालली होती. त्याने ती घेतली होती दोघांसाठी. मी हे बोललो नाही. मामाने किती बोलावं यालाही मर्यादा असते. तीन हा आकडा चौदाच्या खाली लिहिला आणि वही परत दिली.

तोडगा काढला तो तिनेच. मरीनाचं भाडं मीटरवर असतं, हे तिने वहीत पाहिलं होतं. दोन दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "आपण भाडं बोटीचं भरतो की तिच्या लांबीचं? नऊ मीटरच्या बोटीत सहा जण झोपतात म्हणे. आपल्याकडे सहा जण कधी आले होते?"

भाचा दोन महिने घुटमळला. मोठी बोट विकणं हे पुरुषाला नोकरीत खालच्या जागेवर गेल्यासारखं वाटतं, इंग्लंडातही. शेवटी त्याने ती विकली आणि सात मीटरची घेतली. मरीनात तिचं भाडं पाच हजारांच्या जरा वर बसतं. एकशे चौसष्टचा जुना भाव धरला तर बरोबरी साधायला एकतीस दिवस लागतात. बोयाचा परवाना त्याने सोडून दिला. बहुतेक ठिकाणी तो बोटीबरोबर विकता येत नाही, आणि चांगल्या जागांसाठी प्रतीक्षायादी लांब असते. त्या यादीत मात्र त्याने आपलं नाव पुन्हा घालून ठेवलं आहे. बायकोला ते माहीत आहे आणि तिची हरकत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर गेलो. ढकलगाडीवर सामान ठेवून फलाटावरून चालत गेलो आणि ती एका पायरीवरून बोटीत उतरली. पंधरा मिनिटांत आम्ही दरवाजापाशी होतो. शेजारच्या बोटीवर रेडिओ लागला होता आणि भाच्याचा चेहरा त्यावर बोलत होता. दरवाजा उघडेपर्यंत तो काही म्हणाला नाही. बाहेर पडल्यावर त्याने सुकाणू तिच्या हातात दिलं आणि स्वतः शिडं चढवायला पुढे गेला.

ऑक्टोबरमध्ये तिचा फोन आला. बोट हिवाळ्यासाठी जमिनीवर घेतली होती. दिवस सव्वीस झाले, असं तिने सांगितलं. म्हणजे एकतीसला पाच कमी. मी विचारायच्या आतच तिने पुढचा आकडा दिला. त्यातले बावीस दोघांचे.